साहेब, आमच्या ठाण्याच्या बोर्डावरची जागा संपत आली

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक साहेब,
तथा अध्यक्ष, जिल्हा पोलीस आस्थापना मंडळ.

विषय : आमच्या शहर पोलीस ठाण्याला नवीन प्रभारी अधिकारी देण्याबाबत.

महोदय,

शहर पोलीस ठाण्याच्या बरोबर समोर, रस्त्याच्या पलीकडे, माझं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान आहे. सासऱ्यांनी एका जुन्या टाइपरायटरवर ते सुरू केलं. गेली चोवीस वर्षं मी चालवते. माणूस ठाण्यात जातो, पाच-दहा मिनिटांत बाहेर येतो आणि माझ्या पायरीवर उभा राहून म्हणतो, ‘‘ताई, अर्ज लिहून आणा म्हणाले.’’ या एका वाक्यावर माझं घर चाललं, दोन मुलांची शिक्षणं झाली. मोबाइल चोरीला गेला, बांधावरून चुलत्याने डोकं फोडलं, सासरच्यांनी दागिने ठेवून घेतले, भिशीवाला पैसे घेऊन पळाला, असलं सगळं मी टाइप केलेलं आहे. शेवटी ‘योग्य ती कारवाई व्हावी, ही नम्र विनंती’ हे तर बोटं आपोआप मारतात.

एकदा एका बाईने येऊन सांगितलं, नववीतली मुलगी काल संध्याकाळपासून घरी नाही. मी मुकाट्याने अर्ज टाइप केला. अल्पवयीन मुलगी नाहीशी झाली तर अर्ज घेऊन थांबायचं नसतं, तिथल्या तिथे गुन्हा नोंदवायचा असतो, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. ठाण्यातल्या टेबलावर बसलेल्या माणसाला ते माहीत असायला हवं होतं. मुलगी चौथ्या दिवशी सापडली. त्या अर्जाचे मी दहा रुपये घेतले होते, तेवढं अजून बोचतं.

म्हणजे बघा, धंद्याच्या हिशेबाने वाईट साहेब मला परवडतो. ठाण्यात तक्रार घ्यायची टाळाटाळ जितकी जास्त, तितकी माझ्या पायरीवर गर्दी. मधल्या काळात एक साहेब आले होते, त्यांच्या वेळी माझं टायपिंग जवळजवळ निम्म्यावर आलं. माणसं आत जायची आणि आतच बसायची. ठाणे अंमलदार तोंडी ऐकून लिहून घ्यायचे, सही घ्यायचे, प्रत हातात द्यायचे. मी नुसत्या आधार कार्डाच्या झेरॉक्सवर आले. तरीही हे पत्र मी त्याच साहेबांसारखा माणूस मागायला लिहिते आहे, यावरून माझा हेतू आपल्या लक्षात यावा.

आपल्या जिल्ह्याचे प्रमुख आपण. पण आमच्या गावाचा पोलीसप्रमुख म्हणजे शहर ठाण्याचे पीआय साहेब. मुंबईला आयुक्त कोण होणार याची महिनाभर बातमीदारी चालते, टीव्हीवर नावं फिरतात. सोलापूर, अमरावतीलाही आयुक्तालय आहे. आमच्यासारख्या लाखभर वस्तीच्या गावाला कळतं ते असं : रात्री साडेनऊला बिनतारी संदेश येतो, सकाळी साहेबांची खुर्ची रिकामी असते आणि चहावाला विचारतो, ‘‘ताई, आता कोण?’’ या वेळचे साहेब सात महिन्यांत गेले. नियंत्रण कक्षाला संलग्न केले म्हणे. का, ते कुणी सांगितलं नाही. गावाने आपापली कारणं तयार केली. एकाने सांगितलं वाळूवरून, दुसऱ्याने सांगितलं मिरवणुकीच्या डीजेवरून, तिसऱ्याने सांगितलं साहेबच खात होते. तीन कारणं, तिन्ही छातीठोक. साहेब चांगले होते की वाईट, हे मी सात महिन्यांत ठरवू शकले नाही, खरं सांगते.

पीआयच्या केबिनमध्ये भिंतीवर एक बोर्ड आहे. आजवरच्या प्रभारी अधिकाऱ्यांची नावं, पुढे ‘पासून’ आणि ‘पर्यंत’. महिला दक्षता समितीवर माझं नाव आहे, त्यामुळे तो बोर्ड मी जवळून पाहिला आहे. (समितीची बैठक किती वेळा झाली हे विचारू नका. बोर्ड पाहायला जेवढ्या वेळा गेले तेवढी.) वरच्या ओळींमध्ये तीन-तीन वर्षं दिसतात. जसजसं खाली यावं तसतशी ‘पासून’ आणि ‘पर्यंत’ एकमेकांच्या जवळ सरकत जातात. खालच्या पाच नावांपैकी कायद्याने ठरवलेली मुदत एकानेच पुरी केली, माझं टायपिंग निम्म्यावर आणणाऱ्यांनी. बोर्ड रंगवणारा पेंटर माझ्या शेजारीच बसतो. तो मला म्हणाला, ‘‘वहिनी, नाव ऑइलपेंटने लिहितो, तारीख खडूने लिहून देऊ का?’’ बोर्डावर आता तीन ओळींची जागा उरली आहे.

मुदत किती असावी हे मी मनाने सांगत नाही. प्रकाश सिंह खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 22 सप्टेंबर 2006 रोजी निकाल दिला, त्यात जिल्ह्याच्या अधीक्षकापासून ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यापर्यंत किमान दोन वर्षं एका जागी ठेवा असं स्पष्ट सांगितलं. प्रकाश सिंह स्वतः पोलीस महासंचालक राहिलेले, 1996 मध्ये त्यांनी ती याचिका केली होती. म्हणजे पोलीस खातं सुधारावं म्हणून कोर्टात गेलेला माणूस वर्दीतलाच होता. पुढे 2014 मध्ये आपल्या राज्याने महाराष्ट्र पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून कलम 22 एन घातलं. फौजदारापासून निरीक्षकापर्यंत, एका ठाण्यात दोन वर्षं. त्याच्या आत बदली करायची तर अपवादात्मक प्रकरणी, जनहितासाठी, प्रशासकीय निकड असेल तर. महासंचालक कार्यालयाकडून निरीक्षक जिल्ह्याला मिळतो, पण त्याला कुठल्या ठाण्यात बसवायचं आणि तिथून कधी उठवायचं, हे जिल्ह्यातलं आपलं मंडळ ठरवतं. म्हणून पत्र मुंबईला न पाठवता आपल्याला लिहिलं.

हे कलम मला पाठ आहे, कारण मॅटमध्ये, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, जाणाऱ्या एका फौजदारांची कागदपत्रं माझ्याकडे झेरॉक्सला आली होती. कलम वाचून मी त्यांना विचारलं, ‘‘साहेब, एवढं स्पष्ट लिहिलंय, मग बदली झाली कशी?’’ ते म्हणाले, ‘‘ताई, ‘जनहितार्थ’ हा शब्द वाचलात ना? त्यात हत्ती मावतो.’’ मुदतीआधीच्या बदलीला नीट कारण दिलं नाही म्हणून मॅटने अनेक आदेश रद्द केले आहेत, हेही त्यांनीच सांगितलं. पण मॅटमध्ये अधिकारी जातो, त्याच्या नोकरीसाठी. गावाच्या बाजूने तिथे कोण उभं राहणार?

इथे मला एक गोष्ट सुचली, ती आपल्यापुढे ठेवते. माहिती अधिकाराचा 2005 चा कायदा आहे. त्याच्या कलम 4 मध्ये, प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तींना कळवावीत असं लिहिलेलं आहे, कुणी अर्ज न करताही. बदलीने बाधित कोण होतं? साहेब होतात, कबूल. त्यांची मुलं शाळा बदलतात, बायको पुन्हा गॅसचा नंबर लावते. पण ज्या बाईची फिर्याद जुन्या साहेबांनी समजून घेतली होती आणि नव्या साहेबांपुढे तिला पहिल्यापासून रडावं लागतं, ती बाधित नाही? ज्या व्यापाऱ्याने खंडणीवाल्याचं नाव विश्वासाने एका माणसाला सांगितलं आणि तो माणूस आठवड्यात उचलला गेला, तो बाधित नाही? माझं म्हणणं, आम्ही बाधित आहोत. मुदतीआधी साहेबांना हलवलं, तर कारण गावाला लेखी कळावं. गोपनीय तपशील नको, चार ओळी पुरेत. ठाण्याच्या सूचना फलकावर लावा. भ्रष्टाचाराची तक्रार असेल तर ‘तक्रार आहे, चौकशी चालू आहे’ एवढं तरी लिहा. कारण लिहावं लागणार असेल तर कारण असावंही लागेल, आणि तेवढ्यानेच निम्म्या बदल्या वाचतील असं मला वाटतं.

माझी भाची अमेरिकेत एका लहानशा शहरात राहते, आमच्या गावाच्या निम्मंसुद्धा नसेल. तिथे पोलीसप्रमुखाची जागा रिकामी झाली तेव्हा नगर परिषदेने जाहिरात दिली, अर्ज मागवले आणि शेवटी उरलेल्या तिघांना शाळेच्या हॉलमध्ये लोकांपुढे बसवलं. भाचीने व्हिडिओ कॉलवर दाखवलं. एका आजीने उठून विचारलं, माझ्या रस्त्यावर गाड्या फार जोरात जातात, तुम्ही काय करणार? तिघांनीही उत्तर दिलं. मला हसू आलं आणि जरा हेवाही वाटला. पण आपल्याकडे तसं करा असं मी म्हणणार नाही. आमच्या गावात तीन पीआयना हॉलमध्ये बसवलं, तर पहिल्या तीन रांगांत कोण बसेल आणि प्रश्न कोण विचारेल हे आपल्यालाही माहीत आहे, मलाही. साहेब आमच्या मताने निवडायचा झाला तर फ्लेक्सवाल्यांच्या मताने निवडला जाईल. निवडायचं काम आपलंच राहू द्या.

तरी, निवडणाऱ्याला खालचं ऐकू आलं नाही की काय होतं, याचा इतिहास आपल्या पुण्यातच आहे. नाना फडणवीसांनी घाशीरामला कोतवाल केलं 1777 साली. वरती तो मर्जीतला होता. खाली लोक काय भोगत होते ते चौदा वर्षं वर पोचलं नाही, किंवा पोचूनही कुणी मनावर घेतलं नाही. 1791 मध्ये कोठडीत कोंडलेली माणसं गुदमरून मेली तेव्हा शहर उठलं, आणि कोतवालाला लोकांनी दगडांनी ठेचलं. हे उदाहरण जरा जहाल आहे, माफ करा. मुदतीचा आग्रह धरताना मला त्याचीही आठवण ठेवावी लागते, नाहीतर आपण म्हणाल की ताई, तुमच्या दोन वर्षांच्या हट्टाने एखादा घाशीराम तुमच्याच उरावर बसेल. बसू शकतो. म्हणून तर कारण लेखी मागते. माणूस वाईट निघाला तर त्याला काढा, जरूर काढा, आणि का काढला ते लिहा.

दोन वर्षं का लागतात, ते मी दुकानात बसून पाहिलं आहे. 2023 मध्ये अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, 28 सप्टेंबरला. राज्यात ठिकठिकाणी मुस्लीम समाजाने जुलूस दुसऱ्या दिवशी काढायचं ठरवलं, शासनाने 29 ची सुट्टी दिली. पेपरात ही दोन ओळींची बातमी. आमच्याकडे ती दोन ओळींची बातमी व्हायला दीड महिना लागला. तेव्हाच्या साहेबांना येऊन सव्वा वर्ष झालं होतं. मशिदीच्या कमिटीत कुणाचा शब्द चालतो आणि कोण नुसता पुढे पुढे करतो, हे त्यांना माहीत झालेलं होतं. कुठल्या गणेश मंडळाचा अध्यक्ष ऐकतो आणि कुठल्या मंडळात अध्यक्षापेक्षा ढोल वाजवणाऱ्या पोरांशी बोलावं लागतं, तेही. शांतता समितीची सरकारी बैठक झाली ती नेहमीची, फुलं, चहा, भाषणं. खरं काम झालं ते रात्री साडेदहाला माझ्या शेजारच्या रसवंतीच्या बाकड्यावर, जिथे दोन्हीकडची चार-चार माणसं आणि साहेब साध्या कपड्यात बसले होते. मी शटर ओढत होते, म्हणून पाहिलं. महिन्यापूर्वी आलेला साहेब त्या बाकड्यावर बसला असता, पण समोर कुणाला बसवायचं हे त्याला कुणी सांगितलं असतं? जे नेहमी सांगायला पुढे येतात, त्यांनीच.

भिवंडीचं आपल्याला मी काय सांगावं. 1970 आणि 1984 च्या दंगलींनी होरपळलेलं यंत्रमागांचं गाव. 1980 च्या दशकाच्या शेवटी सुरेश खोपडे तिथे उपायुक्त होते, त्यांनी मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या, पुढाऱ्यांना बाजूला ठेवून साध्या माणसांच्या. 1992-93 ला शेजारची मुंबई पेटली आणि भिवंडी शांत राहिली. ते काम सात महिन्यांत झालं असतं का?

उलट बाजूचंही सांगते. गावातला मटका कुठल्या टपरीवर चालतो, गुटखा कुणाच्या गोदामात उतरतो, हे नव्या साहेबांना समजायला दोन-तीन महिने जातात. टपरीवाल्याला नवे साहेब समजायला दोन दिवस पुरतात. साहेब बदलले की धंदेवाले आठवडाभर शटर अर्धं ठेवतात, अंदाज घेतात आणि मग सुरू. त्यांना बदल्यांची सवय झाली आहे. सवय होत नाही ती आम्हाला.

आता कसा माणूस हवा, तेही लिहिते, म्हणजे आपण म्हणायला नको की नुसती तक्रार केली. डॅशिंग नको. डॅशिंग साहेब आले की पहिल्या आठवड्यात बुलेटचे सायलेन्सर रोलरखाली चिरडल्याचे फोटो येतात, कॉलेजच्या गेटवर पोरांना उठाबशा काढायला लावतात, लोक टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्या आहेत. पण त्याच आठवड्यात माझ्या पायरीवर ‘अर्ज लिहून आणा’ म्हणणारी रांग तशीच असते. मला हवा तो माणूस सकाळी दहा ते अकरा ठाणे अंमलदाराच्या टेबलाजवळ खुर्ची टाकून नुसता बसेल. एक तास. कोण येतं, काय सांगतं, त्याला काय उत्तर मिळतं, ते ऐकेल. पहिल्या महिन्यात एवढंच केलं तरी चालेल.

कायदा आता नवा आहे. 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलम 173 प्रमाणे तोंडी सांगितलेली दखलपात्र तक्रार लिहून घ्यायची, हद्दीबाहेरची असली तरी घ्यायची, फिर्यादीला प्रत फुकट द्यायची. ऑनलाइन दिली असेल तर तीन दिवसांत सही घ्यायची. ठाण्याने नाकारली तर फिर्यादी आपल्याला पोस्टाने लेखी कळवू शकतो. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला कळवायचं, तेही त्याच संहितेत आहे, कलम 193 मध्ये. आपल्या नावाने स्पीड पोस्टाने जाणारे अर्ज माझ्याच दुकानात तयार होतात. कुठल्या साहेबांच्या काळात ते किती गेले, याचा हिशेब आपल्या कार्यालयाच्या आवक नोंदवहीत असणार. नवा माणूस निवडताना मंडळाने ती नोंदवही एकदा समोर ठेवावी, एवढं सुचवते. आधी ज्या ठाण्याला तो होता, तिथून आपल्याकडे किती लोक वर चढून आले? खेळाडूचा स्कोअर पाहावा तसं ते दिसेल. त्याच्या सत्काराच्या फोटोंमधून दिसणार नाही.

खालच्या लोकांबद्दल एक शब्द. ठाण्यातले हवालदार, बीट अंमलदार हे आमच्यातलेच आहेत, त्यांची मुलं आमच्या मुलांबरोबर शिकतात. बंदोबस्तावरून सकाळी सहाला येऊन नऊला पुन्हा ड्युटीवर उभी राहिलेली माणसं मी पाहते, माझ्याच पायरीवर बसून डबा खातात. ती लोकांवर खेकसतात तेव्हा मला राग येतो आणि डब्यातली वाळलेली भाकरीही आठवते. दर सहा-आठ महिन्यांनी साहेब बदलला की ती कुणाचंच मनापासून ऐकत नाहीत. एक हवालदार मला म्हणाले, ‘‘साहेब येतात-जातात, आम्ही आपलं खाली मान घालून बसतो.’’ ज्यांच्या साप्ताहिक सुट्टीचा तक्ता साहेब स्वतः पाहतो, ती माणसं टेबलापलीकडच्या म्हातारीला ‘बसा मावशी’ म्हणतात. हेही मी पाहिलेलं आहे, त्याच दोन वर्षांत.

साहेब नेमलेत की पहिल्या आठवड्यात सदिच्छा भेटींची रांग लागेल. शाल, नारळ, गुच्छ, फोटो. त्या रांगेत जे असतील त्यांना साहेबांचा नंबर त्याच दिवशी मिळतो. आपण नव्या साहेबांना एवढं सांगा, की पहिल्या पंधरा दिवसांत भाजी मंडईतल्या बायका, रिक्षा थांब्यावरची मंडळी, एसटी स्टँडवरचे हमाल, वसतिगृहाच्या मुली, दर्ग्यामागच्या गल्लीतले भंगारवाले यांच्याकडे स्वतः जाऊन या. त्यांनी शाल आणली नाही म्हणून ती राहून जायला नकोत. वसतिगृहाच्या मुली 112 ला फोन करायला कचरतात, कारण गाडी आली की आख्खी गल्ली बाहेर येऊन बघते. ही गोष्ट कुठल्याही सदिच्छा भेटीत कुणी सांगणार नाही.

माझं मागणं एवढंच. माणूस आपण निवडा, त्याला दोन वर्षं राहू द्या, मध्येच न्यावा लागला तर का नेला ते फलकावर लावा. बोर्डावर तीन ओळी शिल्लक आहेत. कायद्याच्या हिशेबाने त्या सहा वर्षं पुरायला हव्यात. गेल्या काही वर्षांच्या चालीने गेलो, तर पुढच्या वर्षी नवा बोर्ड लागेल आणि पेंटर खूश होईल.

हे पत्र मी सगळ्यांना वाचायला खुलं केलं आहे, पण त्याची सही केलेली एक प्रत आपल्या कार्यालयात आवक-जावकच्या टेबलावर देते आहे. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते की अर्जाच्या दोन प्रती काढा, एक द्या आणि दुसरीवर शिक्का घ्या, तोंडी ‘मिळाला’वर विश्वास ठेवू नका. तीच दुसरी प्रत सोबत जोडली आहे.

पोच मिळावी, ही विनंती.

आपली नम्र,
शहर पोलीस ठाण्यासमोरची झेरॉक्सवाली